एम६ए: आरएनएवरची इवलीशी खूण आणि कर्करोगाची वाटचाल

अ‍ॅडेनोसिन म्हणजे आरएनएतलं ‘ए’ हे अक्षर. त्याच्या सहाव्या कार्बनला जोडलेल्या नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असतात. त्यातला एक जाऊन तिथे मिथाइल गट बसला की त्या अक्षराचं वजन १४ डाल्टननं वाढतं. घडतं ते एवढंच. प्रथिन बनवणारा राइबोसोम ते अक्षर पूर्वीसारखंच ‘ए’ म्हणून वाचतो आणि प्रथिनातलं एकही अमिनो आम्ल बदलत नाही. तरी तो एमआरएनए, म्हणजे जनुकाचा निरोप राइबोसोमकडे नेणारा आरएनए, किती वेळ टिकणार, केंद्रकातून कधी बाहेर पडणार आणि त्यापासून किती प्रथिन बनणार, या सगळ्यात त्या एवढ्याशा गटाचा हात असतो. पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणाऱ्या जनुकाच्या एमआरएनएवर ही खूण असेल तर तिचं असणं-नसणं गाठीच्या वाढीपर्यंत जाऊन पोचतं.

या खुणेचं नाव एन६-मिथाइलअ‍ॅडेनोसिन, बोलताना एम६ए. आरएनएवर दीडशेहून जास्त प्रकारचे रासायनिक बदल माहीत आहेत, पण सस्तन प्राण्यांच्या एमआरएनएच्या आतल्या भागात सर्वांत जास्त आढळतो तो हाच. १९७४ मध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला तेव्हाच्या कामात उंदराच्या यकृत-कर्करोगाच्या नोविकॉफ पेशी वापरल्या होत्या. पुढे बरीच वर्षं हा विषय जवळजवळ थंड होता, कारण खूण नेमकी कुठल्या जनुकावर आहे हे पाहायची सोय नव्हती. २०११ मध्ये एफटीओ हे प्रथिन ही खूण पुसतं हे कळलं, २०१२ मध्ये संपूर्ण ट्रान्स्क्रिप्टोमचे, म्हणजे पेशीतल्या सगळ्या आरएनएंवरच्या खुणांचे, नकाशे आले, आणि मग संशोधनाचा पूर लोटला.

त्या पुरात एक सरधोपट वाक्य रुजलं: ‘एम६ए वाढला, म्हणून कर्करोग वाढला.’ ते अपुरं आहे, आणि पुष्कळदा चुकीचंही. ही खूण स्वतः चांगली नसते आणि वाईटही नसते. ती कुठल्या आरएनएवर आहे, त्या आरएनएच्या कुठल्या भागात आहे, आणि त्या पेशीत ती वाचायला कोण हजर आहे, यावर सगळं अवलंबून असतं. ही साखळी कडी-कडीनं तपासली नाही तर निष्कर्ष हवेत राहतो.

खूण कोण लिहितं, कोण वाचतं, कोण पुसतं

लिहिण्याचं काम मेटल-३ आणि मेटल-१४ ही जोडी करते. ‘मिथाइलट्रान्सफरेजसारखं’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचं हे लघुरूप, धातूशी त्याचा संबंध नाही. प्रत्यक्ष रासायनिक क्रिया मेटल-३ करतं. मेटल-१४ स्वतः मिथाइल गट लावत नाही, पण आरएनए धरून ठेवायला ते लागतंच. डब्ल्यूटॅप, व्हिर्मा, आरबीएम१५ अशी मदतनीस प्रथिनं या जोडीला योग्य जागी नेतात. मिथाइल गट येतो एस-अ‍ॅडेनोसिलमिथिओनिनकडून, म्हणजे सॅमकडून.

खूण बसते ती एका ठरावीक पाच अक्षरी नमुन्यातल्या मधल्या ‘ए’वर. ‘जीजीएसीयू’ हा त्यातला सर्वांत नेहमीचा. पण एमआरएनएत हा नमुना जागोजागी असतो आणि खूण मात्र थोड्याच ठिकाणी दिसते, मुख्यतः थांब्याच्या कोडॉनजवळ (प्रथिन जिथे संपतं त्या तीन अक्षरांजवळ), शेवटच्या लांब एक्सॉनमध्ये (एक्सॉन म्हणजे जोडले जाऊन एमआरएनए बनवणारे तुकडे) आणि लांबलचक आतल्या एक्सॉनमध्ये. असं का, याचं उत्तर २०२२-२३ च्या सुमारास मिळालं आणि ते फार सुंदर आहे. दोन एक्सॉन जोडले जातात तिथे एक प्रथिनसंच बसून राहतो आणि आजूबाजूच्या शे-दोनशे अक्षरांपर्यंत मेटल-३ ला फिरकू देत नाही. आखूड एक्सॉन त्यामुळे पूर्ण झाकले जातात, लांब एक्सॉनचा मधला भाग उघडा राहतो. म्हणजे खुणांच्या जागा बऱ्याच अंशी जनुकाच्या रचनेनंच ठरतात. कर्करोगात स्प्लायसिंग, म्हणजे एक्सॉनची ही जोडणी, बिघडलं तर लिहिणारी प्रथिनं जशीच्या तशी असूनही खुणांचा नकाशा बदलू शकतो. स्प्लायसिंग न पाहता एम६ए पाहणं धोक्याचं आहे ते यामुळे.

वाचणाऱ्यांत वायटीएच कुटुंब प्रमुख. या प्रथिनांत ट्रिप्टोफॅनच्या कड्यांचा एक छोटा पिंजरा असतो आणि मिथाइल गट त्यात अचूक बसतो. वायटीएचडीएफ२ खूण असलेल्या एमआरएनएला धरतं, शेपटी कुरतडणारा सीसीआर४-नॉट हा संच बोलावतं, आणि तो एमआरएनए लवकर संपतो. वायटीएचडीएफ१ प्रथिननिर्मिती वाढवतं अशी मूळ मांडणी होती. २०२० मध्ये मात्र डीएफ१, डीएफ२ आणि डीएफ३ ही तिन्ही बहुतांशी एकच काम करतात, म्हणजे आरएनए संपवतात, असा भक्कम पुरावा पुढे आला. हा वाद अजून मिटलेला नाही. केवळ ‘डीएफ१ नं वाचलं’ यावरून ‘प्रथिन वाढलं’ असं गृहीत धरू नये, प्रथिन मोजावं.

आयजीएफ२बीपी१, २ आणि ३ ही वेगळ्या जातीची वाचक प्रथिनं. ती खूण असलेला एमआरएनए टिकवतात. गर्भावस्थेत ती भरपूर असतात, प्रौढ ऊतींत बहुतेक ठिकाणी नाहीशी होतात आणि अनेक कर्करोगांत पुन्हा उगवतात. म्हणजे एकाच खुणेसमोर एका पेशीत मोडणारा हजर असतो, दुसऱ्या पेशीत सांभाळणारा. पुढच्या सगळ्या विसंगतींचं मूळ इथे आहे.

पुसणारी दोन: एफटीओ आणि एएलकेबीएच५. दोघांनाही लोह, ऑक्सिजन आणि २-ऑक्सोग्लुटारेट लागतं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

एकाच ल्युकेमियात लिहिणाराही हवा आणि पुसणाराही

अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल हा रक्ताचा कर्करोग, या विषयातलं सर्वांत नीट अभ्यासलेलं उदाहरण. २०१७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की एएमएलच्या पेशी मेटल-३ वर जगतात. ते काढलं की पेशी वाढ थांबवून परिपक्व होऊ लागतात आणि मरतात. एका कामात मिक, बीसीएल२ आणि पीटेन या जनुकांच्या एमआरएनएंवरच्या खुणांमुळे त्यांचं प्रथिन वाढतं असं दिसलं. दुसऱ्यात सीईबीपीझेड हे प्रथिन मेटल-३ ला काही जनुकांच्या सुरुवातीलाच नेऊन बसवतं, तिथे बनणाऱ्या आरएनएवर खूण पडते आणि एसपी१ सारख्या प्रथिनांची निर्मिती सुरळीत चालते, असं दिसलं.

त्याच वर्षी तिसरं काम आलं: एएमएलच्या काही प्रकारांत, विशेषतः एमएलएल जनुकाची मोडजोड झालेल्यांत, एफटीओ वाढलेलं असतं आणि तेही रोगाला पोसतं. एफटीओ एएसबी२ आणि आरएआरए या जनुकांच्या एमआरएनएवरची खूण पुसतं, त्यांची पातळी खाली येते आणि पेशी परिपक्व व्हायची राहते. पुढे एएलकेबीएच५ बद्दलही तसंच दिसलं.

आता पेच असा की लिहिणारं काढलं तरी ल्युकेमिया दबतो आणि पुसणारं काढलं तरी दबतो. एकूण एम६ए पहिल्यात घटतो, दुसऱ्यात वाढतो. ‘एम६ए जास्त म्हणजे वाईट’ या वाक्यात दोन्ही बसत नाहीत. मिकच्या एमआरएनएकडे जवळून पाहिलं तर पेच सुटायला लागतो. हा एमआरएनए फार अल्पायुषी, अर्धआयुष्य साधारण अर्ध्या तासाचं. त्याच्या काही जागांवरची खूण आयजीएफ२बीपी धरतात आणि त्याला सांभाळतात. या खुणा मेटल-१४ च्या मदतीनं लिहिलेल्या. दुसऱ्या जागांवरच्या खुणा वायटीएचडीएफ२ च्या हाती लागतात आणि तो लवकर मोडतो. एफटीओ पुसतं ते या दुसऱ्या प्रकारच्या खुणा. एकाच एमआरएनएवर एका जागची खूण आयुष्य वाढवते, दुसऱ्या जागची घटवते. ‘मिकवर एम६ए आहे’ एवढ्यावर थांबलेला अहवाल वाचकाच्या हाती काहीच देत नाही.

इतर गाठींतही हाच प्रकार. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या मूळपेशींत मेटल-३ घटवलं तर गाठ वाढते असं एका कामात दिसलं, तर दुसऱ्या कामात मेटल-३ त्या पेशींना जगायला लागतं असं दिसलं. तिसरं काम एएलकेबीएच५ फॉक्सएम१ या जनुकाचा एमआरएनए टिकवून त्या पेशींना पोसतं असं सांगतं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात चित्र जास्त स्पष्ट आहे. तपासलेल्या गाठींपैकी सुमारे ७० टक्क्यांत एम६ए घटलेला होता, कारण मेटल-१४ मध्ये उत्परिवर्तन, बहुधा २९८ व्या जागच्या आर्जिनिनच्या ठिकाणी प्रोलिन, किंवा मेटल-३ ची पातळी कमी. खूण घटली की पेशीला वाढायला सांगणाऱ्या एकेटी मार्गाला लगाम घालणाऱ्या पीएचएलपीपी२ चं प्रथिन कमी बनतं, एकेटीला चालना देणाऱ्या घटकांचे एमआरएनए मोडेनासे होतात आणि एकेटी मोकाट सुटतो. दोन वाचक, दोन परिणाम, दिशा मात्र एकच.

लोह, ऑक्सिजन आणि २-ऑक्सोग्लुटारेट लागतात, हे आता कामाला येतं. आयडीएच१ किंवा आयडीएच२ या जनुकांत उत्परिवर्तन असलेल्या पेशी २-ऑक्सोग्लुटारेटपासून आर-२-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवतात. तो एफटीओच्या खाचेत शिरून त्याला अडवतो. ऑक्सिजन घटतो तेव्हा स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत हिफ घटक एएलकेबीएच५ ची पातळी वाढवतात, नॅनॉग या जनुकाच्या एमआरएनएवरची खूण पुसली जाते, तो टिकतो आणि मूळपेशींसारखा स्वभाव बळावतो.

याची एक व्यावहारिक बाजू प्रयोगशाळेत दुर्लक्षित राहते: पेशी कशात वाढवल्या? डीएमईएम या माध्यमात मिथिओनिन लिटरला ३० मिलिग्रॅम असतं, आरपीएमआय १६४० मध्ये १५. रक्तद्रवातलं मिथिओनिन या दोन्हींपेक्षा कितीतरी कमी. सॅम मिथिओनिनपासूनच बनतं, तेव्हा दोन प्रकारच्या पेशी दोन वेगळ्या माध्यमांत वाढवून त्यांच्या एम६एची तुलना केली तर फरक कर्करोगाचा की माध्यमाचा, हे सांगता येणार नाही. पेशी किती दाटल्या होत्या, माध्यम बदलून किती तास झाले होते, याचीही नोंद हवी.

मोजणी: इथेच बहुतेक गोष्टी फसतात

रंग येणारा किट घ्यायचा, एकूण आरएनए त्यात टाकायचा आणि ‘गाठीत एम६ए दुप्पट’ असं छापायचं, हा प्रघात थांबायला हवा. कारण साधं गणित आहे. माणसाच्या १८एस राइबोसोमल आरएनएवर एक कायमचा एम६ए आहे, १८३२ व्या जागी, तो मेटल-५ लिहितं. २८एस वर दुसरा, ४२२० व्या जागी, तो झेडसीसीएचसी४ लिहितं. दोन्ही आरएनए मिळून अ‍ॅडेनोसिन सुमारे १२००, त्यात खुणा २, म्हणजे साधारण ०.१६ टक्के. एमआरएनएत हे प्रमाण सामान्यतः ०.२ ते ०.४ टक्के. पण एकूण आरएनएत राइबोसोमचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास आणि एमआरएनएचा २ ते ५. एमआरएनए ३ टक्के आणि त्यातलं प्रमाण ०.३ टक्के धरून हिशेब केला तर दर दहा एम६एपैकी नऊ राइबोसोमचे निघतात. मेटल-३ पूर्ण बंद केलं तरी त्या किटवरचा आकडा जेमतेम हलेल. उलट गाठीत राइबोसोम जास्त बनत असतील तर आकडा वाढेल, आणि त्याचा मेटल-३ शी काही संबंध नसेल.

म्हणून आधी पॉली-ए निवड, म्हणजे ‘ए’ची लांब शेपटी असलेला एमआरएनए वेगळा काढणं, आणि ती दोनदा. त्यानंतर राइबोसोमल आरएनए किती उरला ते बायोअ‍ॅनलायझरवर किंवा क्यूपीसीआरनं पाहायचं. मग मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे वजनावरून रेणू ओळखून मोजणं. प्रचलित कृती अशी: २०० नॅनोग्रॅम एमआरएनए २५ मायक्रोलिटर द्रावणात घ्यायचा, त्यात २५ मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २.५ मिलिमोलर झिंक क्लोराइड आणि २ युनिट न्यूक्लिएज पी१. ३७ अंशांवर २ तास. मग १ मोलर अमोनियम बायकार्बोनेट ३ मायक्रोलिटर आणि अल्कलाइन फॉस्फटेज अर्धा युनिट घालून आणखी २ तास. ६० मायक्रोलिटरपर्यंत पातळ करून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं आणि १० मायक्रोलिटर सोडायचं. अ‍ॅडेनोसिन २६८ वरून १३६ आणि एम६ए २८२ वरून १५० या जोड्यांवर मोजायचं.

घात होतो तो तीन ठिकाणी. पहिला, अ‍ॅडेनोसिनचा संकेत एम६एच्या कित्येक शेकडा पट असल्यानं शोधक भरून जातो, अ‍ॅडेनोसिन खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि प्रमाण फुगतं. त्यासाठी नमुन्याचा एक भाग आणखी पातळ करून अ‍ॅडेनोसिन वेगळं मोजायचं, दोन्हींचे प्रमाण-वक्र त्याच दिवशी चालवायचे. दुसरा, एम१ए या वेगळ्या बदलाचं वजन तेच आणि तुकडाही तोच, त्यामुळे तो फक्त स्तंभातून बाहेर येण्याच्या वेळेवरून ओळखता येतो. सी१८ स्तंभावर तो आधी येतो. शिवाय अल्कधर्मी द्रावणात गरम झाला तर एम१ए स्वतःच एम६ए होतो. अमिनो आम्लं आणून देणाऱ्या टीआरएनएच्या ५८ व्या जागी एम१ए पुष्कळ असतो, म्हणून टीआरएनएची भेसळ आणि ऊब एकत्र आली की खोटा एम६ए तयार होतो. तिसरा, एन्झाइमांत अ‍ॅडेनोसिन डिअमिनेजचा अंश असला तर काही अ‍ॅडेनोसिन इनोसिन होऊन जातं, म्हणून पेंटोस्टॅटिनसारखं रोधक घालतात.

हा झाला एकूण आकडा. खूण कुठे आहे हे पाहायला मेरिप-सेक अजून सर्वाधिक वापरलं जातं. त्यात खूण असलेले आरएनएचे तुकडे प्रतिपिंडानं धरून त्यांची अक्षरं वाचतात. जुन्या मूळ कृतीत ३०० मायक्रोग्रॅम एकूण आरएनएपासून सुरुवात होते. आज कमी आरएनएच्या कृती आहेत, पण आरएनए जितका कमी तितका गोंगाट जास्त. झिंकसह ९४ अंशांवर ५ मिनिटं तापवून आरएनएचे सुमारे १०० अक्षरांचे तुकडे करायचे आणि ईडीटीए घालून लगेच थांबवायचं. मिनिटभर इकडे-तिकडे झालं तरी फरक पडतो. तुकडे ३०० अक्षरांचे राहिले तर शिखरं, म्हणजे खुणेच्या जागची वाचनांची दाटी, पसरट होतात, ५० च्या खाली गेले तर जिनोमवर नीट जुळत नाहीत. काही टक्के तुकडे तुलनेसाठी बाजूला ठेवायचे. बाकीचे प्रतिपिंडासोबत ४ अंशांवर २ तास फिरवायचे आणि धुतल्यावर ६.७ मिलिमोलर मोकळ्या एम६एनं सोडवून घ्यायचे. मोकळा एम६ए प्रतिपिंडावर जागेसाठी झगडतो, त्यामुळे खुणेमुळे धरलेले तुकडेच मुख्यतः सुटतात, मण्यांना नुसते चिकटलेले मागे राहतात. उकळून काढलं तर सगळंच येतं.

या पद्धतीच्या मर्यादा कागदावर माहीत असतात, पण निष्कर्ष लिहिताना विसरल्या जातात. एकाच प्रकारच्या पेशींवर वेगवेगळ्या गटांनी केलेल्या कामांत शिखरांचा मेळ ३० ते ६० टक्केच बसतो, हे २०२० मध्ये तपासून दाखवलं गेलं आहे. जनुक कमी व्यक्त झालं की शिखर दिसेनासं होतं आणि ‘खूण गेली’ असं वाटतं, प्रत्यक्षात आरएनएच घटलेला असतो. प्रतिपिंड एम६ए आणि एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोपीशेजारचा एम६एएम यांत फरक करत नाही, आणि एफटीओ तर दोन्ही पुसतं. एमआरएनएच्या अगदी सुरुवातीच्या शिखरावरून एफटीओबद्दल बोलताना म्हणूनच जपून बोलावं. मेरिप-क्यूपीसीआर करणाऱ्यांची एक नेहमीची चूकही सांगून ठेवू: प्रायमर १५०-२०० अक्षरांवर बेतलेले असतात आणि तुकडे १०० चे. मग संकेत येत नाही आणि दोष प्रतिपिंडाला दिला जातो. वर्धित भाग ७० ते ९० अक्षरांचा ठेवा.

एकेका अक्षरापर्यंत जायचं असेल आणि किती टक्के प्रतींवर खूण आहे हे हवं असेल तर ग्लोरी ही पद्धत आम्हाला आज सर्वांत विश्वासार्ह वाटते. ग्लायऑक्झल आणि नायट्राइट यांच्या क्रियेनं साधं ‘ए’ इनोसिन होतं आणि वाचताना ‘जी’ दिसतं, खूण असलेलं ‘ए’ तसंच राहतं. एचईके२९३टी पेशींत या पद्धतीनं पावणेदोन लाखांच्या आसपास जागा सापडल्या. पण जवळजवळ सगळे ‘ए’ गेल्यावर उरलेला तीन अक्षरी मजकूर जिनोमवर जुळवणं अवघड जातं, आरएनए तुटतोही, आणि रूपांतर अपुरं राहिलं तर दर उरलेला ‘ए’ खूण वाटतो. खूण नसलेला, काचनळीत बनवलेला आरएनए सोबत चालवून रूपांतराचं प्रमाण दर वेळी तपासावंच लागतं. नॅनोपोअरवर थेट आरएनए वाचतानाही हाच ताळा ठेवावा. तिथला लाभ असा की पूर्ण लांबीचा रेणू दिसतो, म्हणजे खूण आणि स्प्लायसिंग एकाच वाचनात.

कारण आणि परिणाम जोडताना

मेटल-३ काढलं आणि पेशी मेल्या, एवढ्यावरून ते कर्करोगाचं कारण ठरत नाही. संवर्धनात वाढणाऱ्या बहुतेक पेशींना ते जगायला लागतंच. निरोगी पेशींच्या तुलनेत गाठीच्या पेशी किती जास्त अवलंबून आहेत, तो फरक दाखवावा लागतो. जनुक कापणाऱ्या क्रिस्परनं मेटल-३ तोडल्यावरही थोडा एम६ए उरला तर ‘दुसरं एन्झाइम आहे’ असं लगेच म्हणू नये. कापलेला एक्सॉन वगळून आखूड पण काम करणारं मेटल-३ बनू शकतं, आणि ते अनेक पेशींत घडल्याचं २०२२ मध्ये दाखवलं गेलं.

मग परत घालण्याचा प्रयोग. एका गटात साधं मेटल-३, दुसऱ्यात क्रियाहीन, म्हणजे डी-पी-पी-डब्ल्यू या चार अमिनो आम्लांच्या जागी ए-पी-पी-ए असलेलं. साध्यानं गुण परत आला आणि क्रियाहीनानं आला नाही, तरच तो गुण खुणेचा. हा भेद महत्त्वाचा, कारण फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत पेशीद्रवातलं मेटल-३ मिथाइल गट न लावताही प्रथिननिर्मितीला हातभार लावतं असं आढळलं आहे.

शेवटची कडी आरएनएच्या आयुष्याची. अ‍ॅक्टिनोमायसिन डी (यानं नवा आरएनए बनणं थांबतं) मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम घालून ० ,२, ४, ६ तासांनी नमुने घ्यायची सवय सगळ्यांना आहे. मिकसाठी ती निरुपयोगी, दोन तासांत तो जवळपास संपलेला असतो. तिथे ०, १५, ३०, ६० मिनिटं घ्यावी लागतात. तुलनेसाठी १८एस किंवा बाहेरून मोजून मिसळलेला आरएनए वापरावा. आणि एका विशिष्ट जागेबद्दल दावा असेल तर त्या जागचं ‘ए’ बदलून पाहावं, किंवा आरएनएवर ठरावीक जागी बसणाऱ्या निष्क्रिय कॅस१३ ला पुसणारं प्रथिन जोडून फक्त तिथली खूण पुसावी. हे कष्टाचं काम आहे, पण याशिवाय ‘या खुणेमुळे’ असं म्हणता येत नाही.

रुग्णांच्या गाठींतले मेटल-३ चे एमआरएनए आकडे घेऊन वीस-पंचवीस नियामक जनुकांचा धोका-गुणांक काढणारे लेख शेकड्यांनी निघतात. गाठीतला आरएनए म्हणजे कर्कपेशी, रोगप्रतिकारक पेशी, तंतूपेशी यांचं मिश्रण. त्यातला मेटल-३ चा एमआरएनए म्हणजे त्याचं प्रथिन नव्हे, प्रथिन म्हणजे क्रिया नव्हे, आणि क्रिया म्हणजे विशिष्ट जागेवरची खूण नव्हे. अशा गुणांकावर उपचाराचा विचार बेतू नये.

एम६एपलीकडे

टीआरएनएवरचे बदल आम्हाला याहून कमी गोंधळाचे वाटतात, कारण तिथे साखळी आखूड असते. मेटल-१ आणि डब्ल्यूडीआर४ ही जोडी काही टीआरएनएंच्या ४६ व्या जागी एम७जी ही वेगळी मिथाइल खूण लावते. ग्लायोब्लास्टोमा आणि लायपोसार्कोमा या चरबीच्या ऊतीच्या कर्करोगात मेटल-१ च्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळतात. मग एजीए हा कोडॉन वाचणारा आर्जिनिनचा टीआरएनए जास्त टिकतो आणि ज्या एमआरएनएत एजीए कोडॉन पुष्कळ, त्यांची प्रथिनं जास्त बनतात. त्यांत पेशीचक्र पुढे नेणारी बरीच असतात. बीआरएएफ या प्रथिनाच्या ६०० व्या जागी उत्परिवर्तन असलेल्या मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगात, टीआरएनएच्या ३४ व्या जागचा यूरिडिन बदलणारी एन्झाइमं हिफ-१ अल्फाची निर्मिती टिकवून धरतात. ती बंद केली तर औषधाला दाद न देणाऱ्या पेशी पुन्हा दाद देऊ लागतात. मायटोकॉन्ड्रियातल्या मिथिओनिन-टीआरएनएवर एनसन-३ नं केलेला बदल तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींना पसरायला लागणारी ऊर्जा मिळवून देतो, हे २०२२ मध्ये दिसलं.

एडार-१ हे एन्झाइम वेगळ्याच मार्गानं काम करतं. ते दुपदरी आरएनएतल्या ‘ए’चं इनोसिन करतं, त्यामुळे पेशीचा स्वतःचा आरएनए विषाणूसारखा दिसत नाही. यकृताच्या कर्करोगात अझिन-१ या प्रथिनाच्या ३६७ व्या जागी सेरिनऐवजी ग्लायसिन येतं ते याच बदलामुळे, आणि ते बदललेलं प्रथिन वाढीला जास्त पोषक ठरतं. इथे अक्षराचा अर्थच बदलतो, म्हणून साध्या आरएनए-वाचनातही हा बदल दिसतो. फक्त डीएनए सोबत वाचून तो मूळचा फरक नाही याची खात्री करावी लागते.

औषधाच्या दारात

एसटीएम२४५७ हा रेणू मेटल-३ मधल्या सॅमच्या खाचेत बसतो. चाचणीनळीत १७ नॅनोमोलरच्या आसपास निम्मी क्रिया थांबते. २०२१ मध्ये उंदरांतल्या एएमएलवर त्याचा परिणाम प्रसिद्ध झाला. त्याच्याच घराण्यातला एसटीसी-१५ २०२२ मध्ये माणसांवरच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत, घन गाठींच्या रुग्णांत, दाखल झाला. घन गाठी का? मेटल-३ बंद केलं की पेशीत दुपदरी आरएनए साठतो, इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूविरुद्धचा, प्रतिसाद जागा होतो आणि रोगप्रतिकारक पेशी गाठीकडे वळतात, असं प्राण्यांतल्या कामांत दिसलं. एडार-१ काढल्यावर घडतं ते पुष्कळसं असंच.

प्रयोगशाळेत हा रेणू वापरणाऱ्यांसाठी: सोबत एसटीएम२१२० हा रचनेनं जवळचा पण निष्क्रिय रेणू त्याच मात्रेत चालवा, नाहीतर मात्रेचा विषारीपणा आणि खुणेचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. औषध दिल्यावर एमआरएनएतला एम६ए खरंच किती घटला हे मास स्पेक्ट्रोमेट्रीनं त्याच तासाला घेतलेल्या नमुन्यात पाहा. पेशींची संख्या एक-दोन दिवसांत तपासू नका. आधी खुणा असलेले जुने एमआरएनए संपायला हवेत, मग प्रथिनं घटायला हवीत, तेव्हा कुठे वाढीतला फरक दिसतो. आणि रोधकानं मेटल-३ ची क्रिया थांबते, प्रथिन जागेवरच असतं. जनुक तोडल्यावर दिसलेला गुण रोधकानं दिसला नाही तर औषधाला नावं ठेवण्याआधी तो गुण क्रियाहीन मेटल-३ नं भरून येतो का, ते पाहा.